शाळेच्या आठवणी त्यांच्या, रजिस्टरातला रकाना आपला



गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचे पेव फुटले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर बॅचचा ग्रुप निघतो, जुने फोटो फिरतात आणि एखाद्या रविवारी हॉल घेऊन सत्तरी ओलांडलेली मंडळी पुन्हा बाकावर बसल्यासारखी बसतात. मागे आपल्या भाईंदरमध्ये असाच एक मेळावा झाला. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून येऊन मुंबई-ठाणे पट्ट्यात स्थायिक झालेल्या लोकांचा. शेजारच्या काकांना सोबत म्हणून मी गेलो होतो. काका त्या शाळेतून 1963 साली मॅट्रिक झाले.

भाषणे छान झाली. कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, पावसात वाहून गेलेला साकव, गणिताच्या मास्तरांची छडी, गावची जत्रा. मग एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या वेळी शाळेत जातपात नव्हती. शेजारी बसलेला कुठल्या जातीचा, हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं." टाळ्या पडल्या. काकांनी टाळी वाजवली नाही. परतताना रिक्षात ते एवढेच म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं, हे खरंच असेल. मला मात्र रोज माहीत होतं."

काकांच्या या एका वाक्यावर मला लिहायचे आहे. ते गृहस्थ खोटे बोलत होते, असा माझा आरोप नाही. ज्याला बाक मिळाला त्याला बाकाचा इतिहास आठवत नाही, एवढाच मुद्दा आहे. पण अशा आठवणी एकत्र होऊन स्मरणिका छापली जाते, स्मरणिकेचा पुढे गावचा इतिहास होतो आणि आपण त्या इतिहासातून कायमचे गैरहजर राहतो. म्हणून आठवणींसमोर कागद ठेवावा लागतो.

कागद काय सांगतात? जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला, पण एका मुलासाठी बाकीची शाळा रिकामी होईल या भीतीने मुंबई सरकारने हात वर केले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, हंटर आयोगाच्या काळात काय स्थिती होती ते बाबासाहेबांनी 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात मांडले आहे. 1881-82 मध्ये मुंबई इलाख्यातल्या माध्यमिक शाळांत अस्पृश्य गणलेल्या जातींचे विद्यार्थी होते 17. हायस्कुलात एकही नव्हता. शून्य!

या शून्यानंतर अठरा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1900 रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत सुभेदार रामजींचा मुलगा दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. शाळेने ती जपून ठेवली आहे. 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो, तो या नोंदीमुळे.

आता बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या आठवणी कशा सांगितल्या ते पाहा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते सांगतात की वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे, कारण झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. शहर मोठे, शाळा नामांकित. तिथे मास्तरांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले तर वर्गात धावपळ उडाली, कारण फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते.

पण त्याच बाबासाहेबांनी साताऱ्याच्या आंबेडकर गुरुजींची आठवणही तितक्याच मनापासून सांगितली आहे. मधल्या सुट्टीत ते गुरुजी आपल्यातली भाकरी-भाजी या मुलाला देत. गोलमेज परिषदेला निघताना त्यांचे पत्र आले, ते बाबासाहेबांनी जपून ठेवले. कृतज्ञता आणि जाब, दोन्ही एकाच माणसाच्या आठवणीत आहेत. गुरुजींच्या भाकरीने गोणपाट माफ होत नाही आणि गोणपाटामुळे भाकरी विसरायची नसते. मेळाव्यांतल्या आठवणीत फक्त भाकरी असते. आपण हेही लक्षात ठेवले पाहिजे की नुसते गोणपाट सांगितले तरी इतिहास अर्धाच राहतो.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, पन्नास-साठच्या दशकापर्यंत सगळे बदलले होते. बदल झाला, पण तो आपोआप झाला नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तो कागदावर राहिला म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे 'मिलिंद' झाले. 26 जानेवारी 1950 ला संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली आणि तरी 1955 मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा करावा लागला. रोग उरलाच नसता तर औषध कशाला काढले असते?

त्या काळातल्या शाळा आपल्या लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये रत्नागिरीकडची शाळा आहे, तिथे गुरुजी मुलीला शेण काढायला लावतात आणि तिची आई जाब विचारायला उभी राहते. प्र. ई. सोनकांबळे यांनी उदगीरकडच्या बालपणापासूनचे दिवस लिहिले आणि पुस्तकाला नाव दिले 'आठवणींचे पक्षी'. म्हणजे आठवणी आपल्याकडेही आहेत. आपल्याला त्या हॉल घेऊन, टाळ्या घेऊन सांगता आल्या नाहीत, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. त्यांच्यासाठी शाळा ही आठवण आहे. आपल्यासाठी ती पुरावा आहे.

काकांच्या नातवाचे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातवैधतेचे काम निघाले. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख धरतात, राष्ट्रपतींच्या आदेशाची. विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेपूर्वी तुमचे पूर्वज कुठे राहत होते आणि त्यांची जात काय नोंदली होती, याचे कागद मागतात. सगळ्यात आधी विचारतात तो आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला.

काका पहिलीत गेले 1952 साली. आदेशानंतर दोन वर्षांनी. काकांचे वडील शाळेत गेलेच नाहीत, त्यांना जाऊ दिलेच नाही. ज्या व्यवस्थेने आजोबाला शाळेच्या दारात उभे केले नाही, तीच आज नातवाला विचारते: आजोबाच्या शाळेचा दाखला कुठे आहे?

यात आणखी एक गाठ आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध 1961 मध्ये 27 लाख 89 हजारांवर गेले. काकांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे, धाकट्या भावाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच शाळेच्या रजिस्टरात दोन नोंदी. 'बौद्ध' लिहिणाऱ्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी 1990 च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. त्या रकान्यात काय लिहायचे, हा आपल्या माणसांसाठी स्वाभिमानाचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. 'आम्हाला जात माहीतच नव्हती' म्हणणाऱ्यांच्या त्याच शाळेत हा रकाना रोज उघडत होता.

मीरा-भाईंदरच्या तरुणांसाठी हे जास्त गंभीर आहे. इथे एके काळी मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. 1985 ला नगरपालिका झाली, 2002 ला महानगरपालिका, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा इथले नाहीत. 1950 साली ते रत्नागिरी, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांत होते. म्हणून जातीचा दाखलाही त्या मूळ ठिकाणच्या अधिकाऱ्याकडून काढावा लागतो. तिथल्या शाळेची खोली गळते, रजिस्टराला वाळवी लागते, कमी पटाच्या शाळा बंद करण्याची भाषा होते. शाळा गेली की रजिस्टर कुठे जाईल? एका पिढीची आठवण हरवेल, त्याबरोबर दुसऱ्या पिढीचा हक्कही अडकेल.

म्हणून येत्या 7 नोव्हेंबरला नुसता हार घालून थांबू नका. घरातल्या ज्येष्ठांसमोर वही घेऊन बसा. कोणती शाळा, कोणते साल, वर्गात कुठे बसवले, पाणी कोणी वाढले, कोणत्या गुरुजींनी हात दिला, सगळे लिहून घ्या. मोबाईलवर आवाज मुद्रित करा. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेच्या जनरल रजिस्टरातला प्रमाणित उतारा काढून घ्या. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूची नोंद शोधा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा हे काम आठवीतच सुरू करा.

आणि मेळाव्याचे आमंत्रण आले तर नाकारू नका, जा. शाळा आपलीही आहे. तिथे हात वर करून एवढेच विचारा: आपल्या शाळेच्या रजिस्टरात आमच्या वस्तीतले पहिले नाव कोणत्या साली आले? पहिल्या मुलीचे कोणत्या साली? ती दोन नावे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापाल का?

काका पुढच्या मेळाव्याला हे विचारणार आहेत. या वेळी त्यांचा नातूही बरोबर जाणार आहे.

जय भीम.