अहमदाबादेचा उन्हाळा

महापूर डोळ्यांना दिसतो. उष्म्याचा घाला मात्र घराघरांत निमूटपणें पडतो. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेंत पारा ४६.८ अंशांवर चढला. मृत्यूंच्या नोंदी सांगतात कीं, त्या एका महिन्यांत एरवींच्या मानानें १३४४ माणसें अधिक दगावलीं. या अनुभवांतून तेथील महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्मानिवारणाची योजना आखली : नागरिकांस आगाऊ इशारे, ठिकठिकाणीं पाणपोया, डॉक्टरांस विशेष शिक्षण. २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरांना चुन्याचा पांढरा रंग देण्याचें कामहि तिनें हातीं घेतलें. कारण पांढरें छप्पर ऊन परतवितें आणि खालची खोली कमी तापते. पालिका इशारा देईल. परंतु शेजारच्या वृद्धाला तो कळला कीं नाहीं, हें आपणच पाहिलें पाहिजे.