हर्णैची शाकारणी आणि मिशिगनची थंडी

आपल्या मंडळाच्या कोजागरीला दरवर्षी मसाला दूध घेताना कुणी ना कुणी मला हमखास विचारतं, "काय मग, बोट झोपवली का?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असतं, पण मला त्या प्रश्नानं अजूनही थोडं चपापायला होतं. त्यामागची गोष्ट आणि बोटीच्या इंजिनाला थंडीपासून वाचवण्याचा इतिहास, असं दोन्ही यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरवलं आहे.

मी मूळचा हर्णैचा. समोर सुवर्णदुर्ग, मागे दापोलीचा डोंगर. आजोबा तांडेल, वडीलही समुद्रावरचे. मृग जवळ आला की आमच्याकडे एकच लगबग असे. मोठ्या बोटी अंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जात आणि छोट्या होड्या माणसं लावून वाळूवर ओढल्या जात. खाली ओंडके, वर झावळ्यांची झापं. याला शाकारणं म्हणतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा सुरुवात. वडिलांचं साधं गणित होतं: "वर काढली ती वाचली."

इथे डेट्रॉइटजवळ स्थायिक झाल्यावर २००४ साली मी एक जुनी बोट घेतली. लेक सेंट क्लेअर आमच्यापासून अर्ध्या तासावर. सरासरी अकरा फूटच खोल असलेलं हे सरोवर हिवाळ्यात गोठतं आणि त्यावर मासे पकडणाऱ्यांच्या खोपट्या उभ्या राहतात. हर्णैच्या माणसाला हे दृश्य पहिल्यांदा बघून काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

पाणी गोठताना फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत दाट असतं, त्याखाली ते प्रसरण पावू लागतं आणि बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यांची ताकद माणसानं फार पूर्वी मोजून पाहिली आहे. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या 'अकादेमिया देल चिमेंतो'मधल्या विद्वानांनी धातूच्या गोळ्यांत पाणी भरून ते गोठवलं आणि गोळे फोडून दाखवले. पुढे १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एडवर्ड विल्यम्स या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं तोफेच्या पोकळ लोखंडी गोळ्यांत पाणी भरलं, तोंडाला बूच ठोकलं आणि ते उघड्यावर ठेवले. एक बूच चारशे फुटांहून दूर उडालं. बूच पक्कं बसलं, तिथे गोळाच फुटला. दारू नाही, वात नाही, नुसतं पाणी आणि थंडी!

बोटीचं इंजिन म्हणजे थंडीच्या दृष्टीनं असाच एक लोखंडी गोळा. असं का, हे समजायला बोटीच्या इंजिनाचा इतिहास बघावा लागतो, आणि तो आपल्या या सरोवरांच्या परिसरातच घडला. इथून उत्तरेला तासाभरावर असलेल्या अल्गोनॅक गावात ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ आणि त्याच्या मुलांनी १९२२ साली कंपनी काढली, तीच पुढे 'क्रिस-क्राफ्ट' झाली. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी बनवलेली इंजिनं नंतर स्वस्तात मिळू लागली आणि त्यातली कित्येक बोटींत बसली. पुढे मोटारींची इंजिनं आली. मोटारीला थंड ठेवायला रेडिएटर लागतो, बोटीला कशाला? अख्खं सरोवर हाच तिचा रेडिएटर! पंपानं सरोवराचं पाणी आत ओढायचं, इंजिनाच्या पोटातून फिरवायचं आणि बाहेर सोडायचं. युक्ती स्वस्त आणि मस्त. पण इंजिन बंद केल्यावर ते सगळं पाणी बाहेर पडत नाही, ब्लॉकच्या खोलगट भागांत साठून राहतं. उन्हाळ्यात त्याची कुणाला पर्वा नसते, पण हिवाळ्यात विल्यम्सचा प्रयोग पुन्हा सुरू होतो.

बोटीच्या मागे टांगायच्या मोटरीची गोष्ट जरा वेगळी. नॉर्वेहून लहानपणी आलेल्या ओले एव्हिनरूडनं मिलवॉकीत १९०९ साली अशी मोटर विकायला काढली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. त्या नावाच्या मोटरींचं उत्पादन २०२० साली थांबलं. अशी मोटर पाण्याबाहेर काढून सरळ उभी ठेवली, की तिच्यातलं पाणी बहुतांशी आपोआप निथळतं. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला ही सोय नाही.

मोठ्या जहाजांनी यावर आपला उपाय केव्हाच शोधला होता. ग्रेट लेक्सवरची लोखंडाच्या खनिजाची जहाजं हिवाळ्यात बंदरात लागत, बॉयलर आणि नळ रिकामे केले जात. सू लॉक्स आजही साधारण १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात. आपल्या कोकणातल्या दोन महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीची ही थंडीतली बहीणच.

दुसरा उपाय म्हणजे न गोठणारं पाणी. सुरुवातीला लोकांनी अल्कोहोल, ग्लिसरीन, अगदी मीठ आणि मधसुद्धा घालून पाहिला. अल्कोहोल उडून जाई आणि पेट घेई, मिठानं धातू खाल्ला जाई. इथिलीन ग्लायकॉल हे रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ वुर्त्झनं १८५० च्या दशकातच तयार केलं होतं, पण 'प्रेस्टोन' या नावानं ते बाजारात आलं १९२७ साली. गंमत म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं आणि त्यात निम्मं पाणी मिसळलं की मात्र उणे ३७ पर्यंत टिकतं. ते चवीला गोड पण विषारी. बोटीतलं पाणी शेवटी सरोवरातच जायचं, म्हणून बोटीसाठी आता गुलाबी रंगाचं, बरंच कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी माझी चूक झाली.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये हर्णैहून फोन आला, बाबांची तब्येत बिघडली होती. मी घाईघाईनं बोट सरोवरातून काढली, ट्रेलरवर घालून घरासमोर उभी केली, ताडपत्री टाकली आणि विमान पकडलं. हॉस्पिटलात बाबांनी घरच्यांची चौकशी केली आणि मग विचारलं, "होडी वर काढलीस ना रे?" मी म्हटलं, "काढली, बाबा." त्यांनी समाधानानं मान हलवली. दिवाळीनंतर ते गेले. बारा दिवस उरकून मी परत आलो तो नोव्हेंबर संपत आला होता.

एप्रिलमध्ये इंजिनाच्या तेलाची पट्टी ओढली, तर तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं. तेलात पाणी! ब्लॉकला वीतभर तडा गेला होता. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीहून जास्त होता.

मला पैशांपेक्षा दुसरंच काही लागलं होतं. बाबांचा नियम मी पाळला होता, पण तो नियम हर्णैचा होता. तिथे धोका पाण्यात असतो, म्हणून वर काढली ती वाचली. इथे धोका हवेत असतो. सरोवराचं पाणी शून्याखाली फारसं जात नाही, पण ट्रेलरवरच्या बोटीला चारही बाजूंनी उणे सहा अंशांचा वारा लागतो. म्हणजे इथे वर काढली की खरी काळजी सुरू होते. हे बाबांना सांगायला हवं होतं असं खूप वाटलं. ऐकून ते हसले असते आणि लगेच चार प्रश्न विचारले असते.

पुढे दुसरी बोट घेतली. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकीत पेट्रोल टिकवणारं औषध घालतो, तेल बदलतो, इंजिन गरम होईपर्यंत चालवतो. मग ब्लॉकची बुचं काढून पाणी सोडतो आणि प्रत्येक भोकात तार घालून बघतो, कारण गंज आणि वाळू तोंड अडवून बसतात आणि आपल्याला वाटतं पाणी संपलं. त्यानंतरच गुलाबी ग्लायकॉल. आधी पाणी न काढता ते ओतलं, तर ते पातळ होतं आणि थर्मोस्टॅट बंद असेल तर ब्लॉकपर्यंत पोचतही नाही. डब्यावरच्या उणे ५० फॅरनहाइटवर भुलू नका, तो आकडा नळ न फुटण्याचा आहे आणि तोही पाणी न मिसळलेल्या द्रावणाचा. ब्लॉकच्या बाजूला असलेल्या 'फ्रीझ प्लग'वरही विसंबू नका. ती भोकं ओतकामातली वाळू काढण्यासाठी असतात. थंडीत ती बुचं कधी निसटतात, कधी नाही.

आमच्या घरचा नियम आता असा: कोजागरीच्या आत बोट शाकारायची. अधिक महिन्याच्या वर्षी कोजागरी ऑक्टोबरअखेर येते, तेव्हा मात्र तिची वाट बघायची नाही! भोकात तार घालायचं काम मुलीकडे आहे. ती तार फिरवून म्हणते, "बाबा, कोरडं आहे." तरी मी एकदा स्वतः तार घालून बघतोच.