१५६ तुकडे आणि एक नियम

आमचं मूळ गाव अजिंठा. लेणी वेगळी आणि गाव वेगळं, हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. गावातल्या बारादरीत रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज फौजी अधिकारी राहायचा. १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला त्याला कंपनी सरकारने पाठवलं. गडी पुढची कितीतरी वर्षं नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळून गेल्या. बॅकअप नाही, काही नाही!

आज लिहायचंय ते अशाच नक्कलकामाबद्दल, फक्त चित्रांच्या नव्हे तर विषाणूंच्या. आणि ते घडलं पुण्यात.

१९८७ मध्ये पुणे विद्यापीठात (आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने बायोइन्फर्मेटिक्स केंद्र सुरू झालं. प्रमुख होते डॉ. अशोक कोळस्कर, जे पुढे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे ही मंडळी त्याच्या आठ वर्षं आधीपासून कामाला लागली होती. सुरुवातीचं मोठं काम काय, तर प्राण्यांच्या विषाणूंची माहिती गोळा करून तिचा डेटाबेस बनवणं. डेटा एंट्रीच की, असं आपल्यापैकी कुणीही म्हणेल. पण ज्याने कधी दुसऱ्याचा अस्वच्छ डेटा साफ केलाय त्याला विचारा.

आता खरी गोष्ट. लस कशी काम करते? शरीर विषाणूचं अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याच्यावरच्या ठरावीक जागा ओळखतं आणि तिथे अँटीबॉडी चिकटतात. कुठल्या जागा, हे प्रयोगशाळेत एकेक तुकडा बनवून तपासायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. प्रथिन म्हणजे २० अक्षरांच्या लिपीतली लांबलचक स्ट्रिंग. मग नुसती स्ट्रिंग वाचून या जागा सांगता येतील का?

कोळस्कर आणि टोणगावकर या दोघांनी १९९० मध्ये यावर एक छोटासा पेपर छापला. त्यांनी जगभर प्रयोगांनी सिद्ध झालेले असे १५६ तुकडे घेतले, ३४ वेगवेगळ्या प्रथिनांमधले. प्रत्येक अमिनो आम्ल या तुकड्यांत किती वेळा येतं आणि एरवी प्रथिनाच्या पृष्ठभागावर किती वेळा येतं, याचं गुणोत्तर काढलं. झाला स्कोअर! मग सात-सात अक्षरांची खिडकी एकेक घर पुढे सरकवायची, सरासरी काढायची, आणि जिथे आलेख वर राहतो ती जागा संशयित. मूव्हिंग ॲव्हरेज हो, शेअरबाजारवाले लावतात तोच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा तासाभरात लिहील.

त्यातून निघालेली गोष्ट मात्र उलटी होती. १९८१ मधली हॉप आणि वूड्स यांची पद्धत धरून चालायची की अशा जागी पाण्याशी सलगी करणारी आम्लं असणार. पुण्याच्या मोजणीत दिसलं की सिस्टीन, ल्युसीन, व्हॅलीन ही पाणी टाळणारी मंडळी जर पृष्ठभागावर आली, तर त्यांची शक्यता जास्त. पेपरात अचूकता दिली होती सुमारे ७५ टक्के.

ही पद्धत जगभर पसरली. २०२० मध्ये कोविडच्या स्पाइक प्रथिनावरही अनेकांनी ती चालवली.

पण थांबा. २००५ मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी असल्या शेकडो स्कोअर-पद्धती एकत्र तपासल्या. निष्कर्ष वाईट होता: सर्वोत्तम पद्धतसुद्धा नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. कारण सोपं आहे. प्रथिन ही सरळ रेघ नाही, ते दुमडतं. स्ट्रिंगमध्ये शंभर अक्षरं लांब असलेले दोन भाग प्रत्यक्षात शेजारी येऊन बसतात आणि अँटीबॉडी त्या दोघांना मिळून पकडते. खांबावरचं, छतावरचं चित्र गिलने कापडावर उतरवलं की रंग येतात, पण ते कशाभोवती वळलं होतं हे जातं. तसंच.

मला आवडतं ते हे की पुण्याचं केंद्र स्वतःच्या गाजलेल्या नियमाला कवटाळून बसलं नाही. १९९९ मध्येच कोळस्कर आणि उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचं बाहेरचं प्रथिन त्रिमितीत मांडलं. त्याची रचना तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. त्याच्या एका चुलत विषाणूची रचना १९९५ मध्ये आली होती, तिच्या साच्यावर हे बसवलं आणि दुमडल्यावर बनणाऱ्या जागा शोधल्या. २००५ मध्ये हे काम करणारा प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला.

त्याच २००५ मध्ये गोरखपूर भागात मेंदूज्वराने हजारावर बळी घेतले, बहुतेक लहान मुलं. २००६ पासून आपण लस द्यायला लागलो ती चीनमध्ये बनलेली. भारतीय विषाणूपासून बनलेली लस आली २०१३ मध्ये. ती मॉडेलमधून निघाली नाही. कर्नाटकात कोलारला सापडलेला विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जपून ठेवला होता. तोच पेशींमध्ये वाढवून, निष्क्रिय करून ही लस बनवली.