चाकाखालची फळी

एका अंगाने भीमा आणि दुसऱ्या अंगाने मुळामुठा अशा दोन नद्यांनी कवेत घेतलेल्या, आणि पुढे वाळकी व रांजणगाव सांडस यांच्या शिवारात त्या दोन्ही प्रवाहांचा संगम जेथे होतो तेथे निमुळत्या होत गेलेल्या भूभागास लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘राहू बेट’ म्हणत आले आहेत. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येने हे बेट नव्हे, दुआब होय. परंतु पावसाळ्यात दोन्ही नद्या दुथडी भरल्या, उतार बंद झाले आणि मधली काळी जमीन भिजून फुगली, म्हणजे केडगावच्या बाजारास किंवा पलीकडे शिरूरच्या मुलखात जाणाऱ्या माणसास आपण खरोखरच बेटावर अडकलो आहोत असा प्रत्यय येत असे, आणि ते नाव देणाऱ्यांनी नकाशा पाहून नव्हे, तर या प्रत्ययावरूनच दिले असावे असे मला वाटते.

अलीकडे डोंगरदऱ्यांतून आणि नदीपात्रांतून चारचाकी वाहने घेऊन हिंडणाऱ्या हौशी प्रवाशांच्या गाड्यांच्या टपावर भडक रंगाच्या, दातेरी, प्लॅस्टिकच्या दोन फळ्या बांधलेल्या दिसतात. चाक चिखलात किंवा वाळूत रुतले, की त्या चाकापुढे सरकवायच्या आणि त्यांवरून गाडी बाहेर काढायची, एवढेच त्यांचे कार्य. या फळ्यांचे ओझे सदैव बाळगण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न मला विचारण्यात आला, तेव्हा त्याचे उत्तर दुकानाच्या किंमतपत्रकात शोधण्याऐवजी ते या राहू बेटाच्या काळ्या मातीत शोधावे असे मनात आले; कारण चाकाखाली काहीतरी घालून गाडी बाहेर काढण्याची विद्या या मातीत जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागलेली नाही.

ही माती म्हणजे दख्खनच्या अग्निजन्य काळ्या पाषाणाची हजारो वर्षे झीज होऊन साचलेली संपत्ती. उन्हाळ्यात ती तडकते, तिच्या भेगांत हाताचे कोपर सहज जावे इतकी फाटते. आणि हस्ताचा पाऊस तिच्यात मुरला की तिचा कणन्‌कण पाणी पिऊन फुगतो, भेगा मिटतात, आणि पृष्ठभाग लोण्यासारखा निसरडा परंतु डिंकासारखा चिकट होतो. दौंडचा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पडणारा पाऊस थोडा, पण तो बहुधा परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात, एकदम कोसळणारा. जी जमीन ज्वारीचे पीक नुसत्या मुरलेल्या ओलीवर पोसते, तीच जमीन गाडीवानाचा घात करते, कारण पाणी धरून ठेवणे हा तिचा एकच गुण दोघांच्या वाट्याला येतो.

म्हणूनच जुन्या काळी या प्रदेशात चाकावर भरवसा ठेवणारे लोक थोडे होते. धान्य, मीठ, कापूस हे जिन्नस वंजाऱ्यांच्या आणि लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून, गोणींतून जात. कारण रुतलेला बैल स्वतःचा पाय स्वतः उपसून काढतो, रुतलेले चाक ते करू शकत नाही. दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, यामागे धर्मकृत्य होते तसेच चिखल वाळण्याची वाट पाहण्याचे व्यावहारिक शहाणपणही होते. सैन्याला चिखलातून जावेच लागले, तर सर्वाधिक हाल तोफखान्याचे. येथून नैर्ऋत्येस, सासवडच्या वाटेवरील सोनोरी गावचे पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला मल्हारगड ही त्यांची खूण अद्याप उभी आहे. मराठ्यांच्या तोफा चालताना पाहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की एकेका अवजड तोफेला बैलांच्या लांबच लांब जोड्या जुंपलेल्या असत आणि ती अडली म्हणजे मागून हत्ती आपल्या मस्तकाने तिला रेटा देई. परंतु ओढणाऱ्या बैलांची आणि रेटणाऱ्या हत्तींची ही वर्णने वाचताना त्यांच्यापुढे फावडी-कुदळी घेऊन चालणाऱ्या बेलदारांचा आपल्याला विसर पडू नये. ओढा काढणे, दरड उतरती करणे, दलदलीत दगड, फांद्या आणि माती भरून चाकाला टेकायला जागा करून देणे, ही सारी तजवीज त्यांची; आणि तोफेची वाट खरोखर मोकळी होत असे ती त्यांच्या हातांनी.

ऋतूचा प्रभाव किती होता याचे एक उदाहरण या बेटाच्या शेजारीच घडले आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली इंग्रज फौजेतील कॅप्टन स्टाँटनची तुकडी सहा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा बरोबर घेऊन, सुमारे सत्तावीस मैलांची मजल रातोरात मारून, १ जानेवारीच्या सकाळी भीमेच्या काठी कोरेगावास पोहोचली. हिवाळ्यातील कोरडी, कठीण, दगडासारखी झालेली वाट पायाखाली नसती, तर त्या दोन तोफा त्या सकाळी तेथे दिसत्या ना. इतिहासकार तेथे झालेल्या लढाईतील शौर्याचे आणि डावपेचांचे वर्णन करतात, ते योग्यच आहे. परंतु जमिनीचा वाटा कोणी हिशेबात धरीत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर पुणे जिल्ह्याच्या सारा-आकारणीचे काम निघाले, आणि १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूरकडील जमिनींची नवी पाहणी केली. त्याच पाहणीखात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याच्या ध्यानात आले, की या मुलखातले गाडे भरीव चाकांचे, बोजड आणि केवळ शेतातले खत-पीक हलविण्यापुरतेच उपयोगी आहेत. तेव्हा त्याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. आज आपण जिला अस्सल देशी, सनातन बैलगाडी समजून चित्रांत रंगवितो, ती या पट्ट्यात त्या कारखान्याच्या पायरीवरून उतरली आहे, हे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटते. तिने ग्रामजीवनात केलेली क्रांती १८५८ साली केडगाव-पाटसवरून डिकसळपर्यंत पोहोचलेल्या आगगाडीपेक्षा तसूभरही लहान नव्हती. कारण आगगाडी स्थानकापाशी थांबली, गाडी मात्र प्रत्येक वाडीच्या खळ्यापर्यंत गेली.

या चाकाची घडण पाहणे हा लहानपणी कोणाही खेडुताच्या वाट्याला येणारा सोहळा असे. सुतार बाभळीचे लाकूड मुरवून तुंबा कोरी, त्यात आरे ठोकी, आऱ्यांवर पाटे बसवून वर्तुळ जुळवी. आणि मग लोहाराच्या आवाराबाहेर गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत लोखंडाची धाव लालबुंद तापवून, चिमट्यांनी उचलून, ती लाकडी चाकावर चढविली जाई. क्षणभर लाकूड पेट घेई, तोच घागरींनी पाणी ओतले जाई, वाफेचा लोट उठे, धाव आकसे आणि साऱ्या सांध्यांना अशी काही मिठी मारी, की पुढे वर्षानुवर्षे ते चाक हालत नसे. पण याच अरुंद धावेने एक नवे संकट आणले. साऱ्या गाडीचा भार दोन-तीन बोटे रुंद अशा लोखंडी कडेवर एकवटला, आणि त्या कडेने काळ्या जमिनीत सुरीसारखी खोल चीर पाडली. एका गाडीच्या चिरेतून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी, आणि त्यातून झाली ती चाकोरी. जो शब्द आपण आज ठरावीक आणि सुरक्षित जीवनासाठी वापरतो, तो मुळात गाड्या रुतविणाऱ्या एका खोल चराचे नाव आहे.

रुतलेल्या गाडीचे शास्त्र या चाकोरीनेच घडविले. कर्णाच्या रथाचे चाक धरणीने गिळले आणि तो खाली उतरून दोन्ही बाहूंनी ते उचलू लागला, ही कथा कीर्तनात ऐकून डोळे पुसणारा शेतकरी स्वतःच्या शेतात मात्र निराळी रीत पाळीत असे, कारण नुसते उचललेले चाक पुन्हा त्याच खड्ड्यात बसते हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तो आधी बैलांना श्वास घेऊ देई. मागे चाकाला दगडाची उटी लावी, म्हणजे मिळविलेले वीतभर अंतर गमावले जात नसे. मग चाकापुढची माती फावड्याने ओढून उतरती करी. त्या उतारावर तुराट्या, बाभळीच्या फांद्या किंवा घोंगडीसुद्धा अंथरी. आणि शेवटी दोघे जण आऱ्यांना हात घालून चाक फिरवीत असता तिसरा बैलांना हाक देई. बेटात ऊस आला, गुऱ्हाळे लागली, तेव्हा या सामग्रीत उसाच्या पाचटाची भर पडली. आणि माझ्या मते पाचटाइतके उत्तम साधन या मातीसाठी दुसरे नाही. ते चाकाच्या दातांत शिरते, चिखलाचा ओलावा शोषते, दाबाखाली जाड गादीसारखे पसरते, आणि पुन्हा वेचून न्यावे लागत नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकास, मातीऐवजी वाळूच्या राज्यात, राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी ईजिप्तमधून फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत होता. पहिल्या महायुद्धात खंदकातील आसऱ्यांवर छप्पर घालण्यासाठी केलेले लोखंडी पन्हळ त्याला कैरोच्या भंगारबाजारात मिळाले. मोटारीचे चाक रुतले की ते पन्हळ पुढे घालून तो ती बाहेर काढी, आणि टायरांतील हवा कमी करून त्यांचा ठसा रुंद करी. १९४० साली त्याने उभारलेल्या दूरपल्ल्याच्या वाळवंटी तुकडीच्या प्रत्येक मोटारीच्या अंगाला हे पन्हळ टांगलेले असत. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायनात भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्यांची, एकमेकींत अडकणारी, विमानांसाठीची धावपट्टी तयार झाली, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर तिचे तुकडे जगभर मोटारींखाली आले. प्लॅस्टिकची दातेरी फळी ही या पोलादाची नात. २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ती बाजारात आली आणि तेथून सर्वत्र पसरली.

तत्त्व एकच आहे. भार रुंद जागेवर पसरवायचा, आणि चाकाला धरायला काहीतरी खडबडीत द्यायचे. फळी हलकी आहे, जोडी एका हाताने उचलता येते, आणि तिचे एक टोक फावड्यासारखे वापरून माती ओढता येते. तिला बांधायला दोरी हवी, कारण चाक पुढे निघाले की ती चिखलात गाडली जाते आणि नंतर हुडकावी लागते. परंतु चालकाने चाक गरगर फिरविले तर घर्षणाच्या उष्णतेने तिचे दात वितळून गुळगुळीत होतात. आणि गाडीचे पोट किंवा आसाचा गोळा जमिनीवर टेकला असेल, तर आधी खणल्यावाचून कोणतीच फळी उपयोगी पडत नाही. आमच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. ती माती दातांच्या फटीत थापली जाऊन फळीचीच पाटी करते, मग चाक तिच्यावरून घसरते. वाळूत ही फळी फार गुणकारी आहे, मुरमाड आणि गवताळ चिखलात पुरेशी आहे. भिजलेल्या काळ्या मातीत मात्र तिच्यावर चिंध्या, फांद्या किंवा पाचट अंथरल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

म्हणून माझे उत्तर असे, की जो एकटा जातो त्याने त्या फळ्या अवश्य बाळगाव्यात. फळी ही मुळात माणसांच्या अभावाची भरपाई आहे. बेटातील गाडीवान फळी बाळगीत नव्हता, कारण त्याच्या हाकेच्या अंतरावर दुसरी जोडी होती, चार खांदे होते, बांधावर बाभूळ होती. आजही पाटसच्या किंवा पाटेठाणच्या कारखान्याकडे निघालेली उसाची दुहेरी ट्रॉली अवकाळी पावसाने फडात रुतली, तर तो कित्येक टनांचा भार प्लॅस्टिकच्या फळीने हलणारा नाही. तेथे दुसरा ट्रॅक्टर साखळीने पुढे जोडावा लागतो, आणि तो आला नाही तर मागची ट्रॉली सोडून देऊन एकेक बाहेर काढावी लागते. पण परक्या मुलखात, रात्री, एका कुटुंबासह निघालेल्या मोटारीला ना शेजारची जोडी असते, ना फड. तिच्या टपावरील ते थोडेसे वजन म्हणजे अनुपस्थित गावकऱ्यांचे हात आहेत. फावडे, दोरी आणि टायरची हवा मोजण्याचे यंत्र या तिन्हींवाचून मात्र ती फळी अपुरी आहे, आणि फळी व फावडे या दोहोंपैकी एकच नेणे शक्य असेल तर मी फळी ठेवून फावडे घेईन.

परवा बेटातील एका फडाकडेला मी उभा होतो. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांनी दोन मोठे भारे पाचट आणून ट्रॉलीच्या चाकांपुढे तुडविले, म्हाताऱ्या गाडीवानाने मागे दगडाची उटी सरकविली, पुढचा ट्रॅक्टर गुरगुरला आणि ट्रॉली हेलकावत वर आली. कोणी मागे वळून पाहिले नाही. चाकांच्या जागी दोन लांबट खड्डे उरले, तळाशी काळ्या चिखलात दाबून बसलेले पिवळे पाचट. फड नांगरायला येईपर्यंत ते तेथेच कुजेल.