अर्पणातून उरलेला स्वर

१७४७ च्या मे महिन्यात पॉट्सडामच्या राजवाड्यात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने योहान सेबास्टियन बाखपुढे एक सुरावट ठेवली आणि तिच्यावर तत्काळ रचना करण्यास सांगितले. बाखने पुढे त्याच सुरावटीवर अनेक रचना बांधून त्या ‘संगीतार्पण’ या नावाने राजालाच अर्पण केल्या. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी हीच सुरावट सोफिया गुबायदुलिना यांच्या ‘ऑफर्टोरियम’ या व्हायोलिन-कॉन्चेर्टोचा आधार झाली.

गुबायदुलिना यांचा जन्म १९३१ साली चिस्तोपोल येथे तातार पित्याच्या घरी झाला. कझान व मॉस्को येथे त्यांचे संगीतशिक्षण झाले. सोव्हिएत राजवटीला मान्य असलेल्या सुगम, आशावादी संगीताशी त्यांची धर्मचिंतनाकडे झुकलेली प्रतिभा जुळणारी नव्हती. चरितार्थासाठी त्यांनी चित्रपटांना संगीत दिले. १९७९ च्या संगीतकार-संघाच्या अधिवेशनात तिखोन ख्रेन्निकोव्ह यांनी ज्या सात रचनाकारांवर जाहीर टीका केली, त्यांत त्यांचेही नाव होते. त्यानंतरच्या वर्षी, १९८० मध्ये, व्हायोलिनवादक गिदॉन क्रेमर यांच्यासाठी योजिलेला हा कॉन्चेर्टो पूर्ण झाला. ख्रिस्ती उपासनेत भाकरी व द्राक्षारस अर्पण करण्याच्या विधीचे नाव निरीश्वरवादी राज्यातील रचनेला देणे, हीच एक निःशब्द भूमिका होती.

शीर्षकातील कल्पना रचनेच्या अंगातच मुरलेली आहे. आरंभी राजाची सुरावट वेगवेगळ्या वाद्यांत विखरून येते. बाखच्या याच कृतीतील एका रचनेला आंतोन वेबेर्न यांनी १९३५ मध्ये जो वाद्यवेष दिला, त्याचे येथे स्मरण होते. मात्र सुरावटीचा अखेरचा स्वर येतच नाही. त्या रिकाम्या जागी व्हायोलिन प्रवेश करते. पुढील प्रत्येक आवर्तनात सुरावट आपल्या दोन्ही टोकांचा एकेक स्वर गमावते. शेवटी एकच स्वर उरतो. मधल्या भागात सुरावटीचे अस्तित्वच लोपते. अंतिम भागात गंभीर, प्रार्थनासदृश संगीतातून तिचे स्वर पुन्हा जुळत जातात, परंतु ती उभी राहते ती उलट्या क्रमाने.

कॉन्चेर्टोच्या रूढ परंपरेत एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यात स्पर्धेचा भाव असतो. येथेही वादनाची कसोटी कठोर आहे. पण कंपित, घसरते आणि अतितार स्वर कौशल्याच्या प्रदर्शनासाठी येत नाहीत. ते त्यागाच्या क्रियेत सहभागी होतात. म्हणूनच अर्ध्या तासाहून अधिक काळ अखंड चालणारी ही कृती क्लिष्ट असूनही श्रोत्याला परकी वाटत नाही.

३० मे १९८१ रोजी व्हिएन्ना येथे क्रेमर यांनी ती प्रथम सादर केली. पुढे १९८२ व १९८६ मध्ये तिच्यावर संस्कार झाले. क्रेमर यांच्या वादनामुळे गुबायदुलिना यांचे नाव पाश्चात्त्य जगात सर्वतोमुखी झाले. १९९२ मध्ये त्या जर्मनीत स्थायिक झाल्या आणि २०२५ मध्ये तेथेच निवर्तल्या. सत्ताधीशाने दिलेल्या सुरावटीवर बाखने आपले प्रभुत्व सिद्ध केले होते. गुबायदुलिना यांनी तीच सुरावट स्वर-स्वराने रिती केली, आणि त्या रितेपणातूनच तिला नवे रूप दिले.