पान ठेवायचं कुठे? विकीच्या साठवणीची गोष्ट

विकीचा इतिहास सांगताना आपण बहुतेक माणसांची गोष्ट सांगतो. कोणी लिहिलं, कोणी खोडलं, कोण कोणाशी भांडलं. आज मी दुसऱ्या बाजूने येणार आहे. लिहिलेलं पान शेवटी राहायचं कुठे? प्रश्न कारकुनी वाटतो खरा. पण विकिपीडियाच्या पहिल्या काही महिन्यांचा इतिहास जवळजवळ हातचा गेला होता, तो याच कारकुनीपायी.

पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांचा, मार्च १९९५ मधला. तो बाजूला ठेवू. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला, तो क्लिफर्ड अ‍ॅडम्स यांच्या यूजमॉडविकी या पर्ल स्क्रिप्टवर. डेटाबेस नाहीच. एका लेखाची एक फाइल, आणि फाइली पहिल्या अक्षराच्या फोल्डरमध्ये. पेशवे दफ्तरातले रुमाल ज्यांनी पाहिलेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. फायदा उघड आहे: स्वस्तातल्या सर्व्हरवर चालतं, आणि सगळा विकी दुसरीकडे न्यायचा तर फोल्डर उचलायचा, झालं.

अडचणी हळूहळू दिसतात. शोध घ्यायचा तर स्क्रिप्ट एकेक फाइल उघडून वाचणार. शंभर लेखांना चालेल, वीस हजारांना कसं चालेल? दोघांनी एकाच वेळी जतन केलं तर घोटाळा नको म्हणून कुलूप, तेही सगळ्या विकीला मिळून एकच. आणि जुन्या आवृत्त्या? त्या वेगळ्या फाइलीत जायच्या, आणि मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवसांपेक्षा जुन्या झाल्या की काढून टाकल्या जायच्या. इतिहासाच्या अभ्यासकाने हे ऐकून कपाळाला हात लावावा. पण त्या काळी विकी म्हणजे चालू संभाषण होतं, दस्तऐवज नव्हे. झालं गेलं विसरणं हा गुणच मानत.

आता एक बारकावा सांगतो, तो मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे. त्या फाइलीत तारीख, लेखकाचं नाव, मजकूर हे सगळं एकत्र असे. एक कप्पा कुठे संपतो हे कळायला मधे एक खुणेचा बाइट: सोळा-आधारी लेखनात बी३. लॅटिन-१ मध्ये हा बाइट म्हणजे घनमीटर लिहिताना वर येतो तो छोटा तीन. क्वचितच लागणारा. मजकुरात तो आलाच तर जतन करताना स्क्रिप्ट गुपचूप काढून टाकी, नाहीतर फाइल भलत्याच जागी तुटली असती. आता आपला 'ळ' घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: ई०, ए४, बी३. शेवटचा तोच! म्हणजे या रचनेत 'शाळा', 'काळ', 'टिळक' काहीही लिहा, जतन केलं की ळ मोडला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागला नसता. पुढच्या आवृत्तीत चार बाइटांची लांब खूण वापरायची सोय आली, पण तीही पर्याय म्हणून.

मग २५ जानेवारी २००२. माग्नुस मान्स्के या जर्मनीतल्या कोलोनच्या विद्यार्थ्याने पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये लिहिलेली प्रणाली इंग्रजी विकिपीडियावर आली. आता प्रत्येक आवृत्ती तक्त्यातली एक ओळ. या पानाकडे कोणकोणती पानं येतात, अमुक सदस्याने काय काय लिहिलं, हे विचारता येऊ लागलं. डेटाबेस आला म्हणजे वेग आला, असं मात्र समजू नका. वाचक वाढले तशी ही प्रणाली धापा टाकू लागली, आणि ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली. जुलै २००२ मध्ये ती चालू झाली. मीडियाविकी हे नाव तिला नंतर मिळालं.

फायलींचा पक्ष तिथे संपला का? नाही. २००४ मध्ये आंद्रेआस गोअर यांनी डोकुविकी काढला, तो आजही साध्या मजकूर-फायलींवर चालतो. जुन्या आवृत्त्या 'अ‍ॅटिक' फोल्डरमध्ये, म्हणजे माळ्यावर! फरक इतकाच की शोधासाठी तो वेगळी सूची बांधून ठेवतो. उलट विकिपीडियाने पुढे लेखांचा मजकूर मुख्य तक्त्यांतून काढून, दाबून लहान करून, वेगळ्या साठ्यात हलवला. मुख्य डेटाबेसात उरला तो पत्ता. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी आले: मजकूर एकीकडे, त्याची सूची दुसरीकडे.

राहिला २००१ चा प्रश्न. त्या काळातल्या कितीतरी आवृत्त्या कायमच्या गेल्या असंच धरलं जात होतं. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग हे विकिपीडियाचे तंत्रज्ञ सोर्सफोर्जवरच्या प्रकल्पाच्या जुन्या फायली चाळत होते. तिथे त्यांना एक गाठोडं सापडलं. आत विकिपीडियाच्या मजकुराच्या तीन पूर्ण प्रती होत्या: फेब्रुवारी, मार्च आणि ऑगस्ट २००१. कोणीतरी तीनदा फोल्डर उचलून ठेवला होता.