निकाहनाम्यातील रिकामे रकाने : निकाहपूर्वी अटी लिहून घेण्याचे फायदे

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. बोलता बोलता तिनं पर्समधून घडी घातलेला निकाहनामा काढला. "सर, कोर्टातले वकील म्हणतात, यात काहीच लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. मेहरची रक्कम होती, पण ती लगेच द्यायची की नंतर, यापुढे आडवी रेघ. अटींच्या रकान्यातही रेघ. माहेरचे दागिने कोणत्याच कागदावर नाहीत. निकाहच्या दिवशी साक्षीदार बायकांच्या खोलीत आले, बोट दाखवलं तिथं तिनं सही केली. झालं.

बिर्याणीवर आपण आठ दिवस चर्चा करतो. या कागदाला पाच मिनिटं देत नाही.

हा करार परका नाही

‘प्रीनप’ म्हटलं की लोकांना अमेरिकेतले श्रीमंत आठवतात. पण इस्लाममध्ये निकाह हा मुळातच करार आहे. ज्या अटींवर निकाह झाला त्या पाळणं सर्वांत जास्त हक्काचं आहे, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीमध्ये आहे. सतराव्या शतकातील सुरतेचे फारसी निकाहनामे आजही उपलब्ध आहेत. त्यात पतीनं दुसरी बायको करू नये, मारहाण करू नये, खर्च न देता ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ गायब राहू नये, अशा अटी आढळतात. म्हणजे शेजारच्या सुरतेतले व्यापारी चारशे वर्षांपूर्वी जे लिहून घेत होते, ते आज लिहायला आपल्याला लाज वाटते.

ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही 2005 मध्ये आदर्श निकाहनामा प्रसिद्ध केला होता.

काय लिहावं?

*मेहर.* किती रक्कम मुअज्जल (लगेच किंवा मागेल तेव्हा) आणि किती मुवज्जल (नंतर, म्हणजे तलाक किंवा मृत्यूच्या वेळी), हे आकड्यात आणि अक्षरी लिहा. न दिलेला मेहर हे पतीवरचं कर्ज आहे. पतीचा इंतकाल झाला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावं लागतं. कोर्टात दावा करायला 3 वर्षांची मुदत असते. ती लगेचच्या मेहरसाठी मागणी नाकारल्यापासून आणि नंतरच्या मेहरसाठी निकाह संपल्यापासून मोजतात. म्हणून कोणता भाग कोणता, हे स्पष्ट हवं.

*दागिने आणि सामान.* मुलीला माहेरहून आणि सासरहून काय मिळालं, याची वजनासह यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या. तलाकच्या वेळी या वस्तू परत मिळण्याचा हक्क 1986 च्या कायद्यात आहे, पण पुरावा लागतोच.

*तलाक-ए-तफवीज.* ठरावीक अट मोडली तर स्वतःला तलाक देण्याचा अधिकार पती पत्नीला सोपवू शकतो. पतीनं दुसरा निकाह केला, मारहाण केली, खर्च दिला नाही, अशा त्या अटी असतात. भारतीय कोर्टांनी हा अधिकार मान्य केला आहे. कलकत्ता हायकोर्टाचा 1950 चा निकाल प्रसिद्ध आहे. खुलामध्ये बहुधा पतीची मनधरणी करावी लागते, मेहरही सोडावा लागतो. तफवीजमध्ये मेहरचा हक्क शाबूत राहतो. मात्र अट मोडली गेली, हे पत्नीला सिद्ध करावं लागतं.

*शिक्षण, नोकरी, राहणं.* बीएड पूर्ण करायचं आहे का? पगार कोणाच्या खात्यात? पती आखातात गेला तर ती कुठे राहणार, खर्च किती पाठवणार? हे आधीच बोला आणि लिहा.

मुलाकडच्यांचाही फायदा

ऐपतीबाहेरचा ‘दाखवायचा’ मेहर लिहिला, की पुढे तोच आकडा कोर्टात उभा राहतो. आधी बसून ठरवलं तर रक्कम झेपेल अशी ठरते. सामानाची यादी असली की नसलेल्या सोन्याचा आरोपही होत नाही.

काय लिहिता येत नाही?

पत्नी खर्च कधीच मागणार नाही, तिनं आई-वडिलांना भेटू नये, दोघं पुढे वेगळे राहतील, असल्या अटी टिकत नाहीत. आणखी एक गैरसमज आहे. दुसऱ्या निकाहविरुद्ध अट लिहिली म्हणून तो निकाह आपोआप रद्द होत नाही. त्या अटीला तफवीजची जोड दिली, तरच पहिल्या पत्नीच्या हातात काही उरतं.

कसं करावं?

अटी निकाहच्या किमान महिनाभर आधी ठरवा, मांडवात नाही. मसुदा आलिम आणि वकील, दोघांना दाखवा. कोकणात शाफई आणि बाकी महाराष्ट्रात बहुतेक हनफी, त्यामुळे तफवीजच्या शब्दांत आणि वेळेत फरक पडू शकतो. अटी जास्त असतील तर स्टँप पेपरवर लिहून निकाहनाम्यात तसा उल्लेख करा. प्रत मुलीकडेही हवी. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार 90 दिवसांत विवाह नोंदणी करायची असते, तीही करा.

गोव्यातील कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं. तिथं मुस्लिमांनाही जुना पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते.

"सुरुवातीलाच तलाकची गोष्ट?"

हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगितलं आहे. लिहिणं म्हणजे संशय घेणं असतं, तर हा हुकूम आला असता का? मग मेहरचं कर्ज आणि मुलीचं आयुष्य तोंडी का सोडायचं?

त्या विद्यार्थिनीचा दावा अजून चालू आहे. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचा निकाह ठरला, तेव्हा अब्बा आणि मामू स्वतः मुलाच्या घरी कोरा निकाहनामा घेऊन गेले. चहा होईपर्यंत सगळे रकाने भरले. कोणी रागावलं नाही, रिश्ता मोडला नाही. मुलानं एवढंच म्हटलं, "माझ्या बहिणीसाठीही असंच लिहून घेऊ."

अल्लाह आपल्या घरांत सुकून देवो आणि त्या कागदाची गरजच कधी न पडो. पण कागद भरलेला असू द्या.